12 जीबी सांगून 8 जीबीचं ग्राफिक्स कार्ड पाठवलंत, त्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
दिनांक 27 सप्टेंबर 2025, साखळी, गोवा

नमस्कार,

ऑर्डर नंबर मेलच्या विषयात टाकलाय. बिल, चॅटचे स्क्रीनशॉट आणि अनबॉक्सिंगचा व्हिडिओ सोबत जोडलाय. हे सगळं तुमच्या सपोर्टवाल्यांना आधी तीनदा पाठवून झालंय पण दर वेळी नवीन माणूस येतो आणि पहिल्यापासून विचारायला लागतो, म्हणून आता एकदाच सगळं सविस्तर लिहितोय, लांबलं तरी कृपया शेवटपर्यंत वाचा.

माझा कॉम्प्युटर 2018 चा. नोकरी लागल्यावर पहिला दिवाळी बोनस मिळाला त्यात असेंबल करून घेतलेला. रायझन 5 1600 प्रोसेसर, बी350 चा मदरबोर्ड, जीटीएक्स 1060 6 जीबी ग्राफिक्स कार्ड, 16 जीबी रॅम, 550 वॉटचा पॉवर सप्लाय. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, लोखंडाला चार महिन्यांत गंज चढतो, अशा हवेत सात वर्षं हे मशीन चाललंय कारण दर मे महिन्यात पॅनल उघडून मी स्वतः ब्लोअर मारतो, फॅन पुसतो. सांगायचं एवढंच की मी पार्ट हाताळायला नवीन नाहीये.

अपग्रेड करायचं कारण साधं होतं. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद होतोय आणि विंडोज 11 च्या यादीत रायझन 1600 नाहीच, यादी 2000 सिरीजपासून सुरू होते. सगळंच नवीन घ्यायचं म्हटलं तर बोर्ड आला, डीडीआर5 रॅम आली, तेवढं बजेट नाही. पण माझ्या बोर्डावरच्या एएम4 सॉकेटचं चांगलं हे आहे की 2017 च्या बोर्डावरसुद्धा 5000 सिरीजचा प्रोसेसर बसतो, एएमडीने 2022 मध्ये 300 सिरीजच्या चिपसेटला, म्हणजे बी350 सारख्या बोर्डांना, तो सपोर्ट दिला. म्हणून रायझन 5 5600 प्रोसेसर आणि आरटीएक्स 3060 12 जीबी ग्राफिक्स कार्ड असं ठरवलं.

12 जीबीच का, हे नीट समजून घ्या कारण सगळी तक्रार त्यावरच आहे. नुसत्या गेमसाठी असतं तर मी आरटीएक्स 4060 घेतलं असतं, ते गेममध्ये 3060 पेक्षा फास्ट आहे आणि 115 वॉटमध्ये चालतं. पण ते 8 जीबीचं. माझा धाकटा भाऊ ब्लेंडर हे थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकतोय, आमच्या वाड्यावरच्या सार्वजनिक गणपतीला देखाव्याच्या मागे एलईडी स्क्रीनवर अ‍ॅनिमेशन लावायचं काम यंदा मंडळाने त्याला दिलं होतं. ब्लेंडरमध्ये अख्खा सीन कार्डाच्या मेमरीत मावला पाहिजे, नाही मावला तर रेंडर, म्हणजे सीनमधून एकेक फ्रेम तयार करणं, फार मंदावतं किंवा मधेच थांबतं. त्याचा सीन 8 जीबीत मावत नव्हता हे त्याने कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर आधीच बघितलेलं. म्हणजे आम्ही 3060 नाही, 12 जीबी विकत घेत होतो.

म्हणून 9 ऑगस्टला पैसे भरायच्या आधी मी तुमच्या चॅटवर विचारलं. बोर्डाचं मॉडेल पूर्ण लिहिलं, बायोसचं, म्हणजे बोर्डाच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरचं, व्हर्जन 2018 चं आहे हेही लिहिलं आणि दोन प्रश्न विचारले: या बोर्डावर 5600 थेट चालेल का, आणि हे कार्ड 12 जीबीचंच येईल ना, कारण तुमच्या पेजवर वर 12 जीबी लिहिलंय आणि खाली स्पेसिफिकेशनमध्ये मेमरीचा रकानाच नाहीये. एका मिनिटाच्या आत उत्तर आलं, हो सर दोन्ही चालेल, प्लग अँड प्ले आहे, कार्ड 12 जीबीच आहे, निश्चिंत ऑर्डर करा. एका मिनिटात कोणी बोर्डाची सपोर्ट लिस्ट उघडून बघत नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती असं आता वाटतं, पण लेखी हो म्हटल्यावर माणूस विश्वास ठेवतो, ठेवायलाच पाहिजे, नाहीतर विचारायचं कशाला.

19 ऑगस्टला पार्सल आलं. व्हिडिओ चालू करून उघडलं. कार्डाच्या बॉक्सवर खालच्या कोपऱ्यात 8 जीबी लिहिलेलं दिसलं. मी आतलं सील फोडलं नाही. बॉक्स तसाच टेबलावर ठेवला आणि फोटो काढून तुमच्या चॅटवर पाठवला, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, स्क्रीनशॉटवर वेळ आहे. तुमच्या माणसाने लिहिलं की बॉक्सवरच्या लेबलवर जाऊ नका सर, सिस्टीममध्ये लावून चेक करा, काही प्रॉब्लेम असेल तर आम्ही आहोत. म्हणून सील फोडलं. तुम्ही सांगितलं म्हणून फोडलं, हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितोय.

आता प्रोसेसरचं. जुना कूलर काढताना त्याच्याखालची सात वर्षांची थर्मल पेस्ट सुकून दगड झालेली, स्क्रू सोडवून कूलर वर उचलला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटूनच वर आला. एएम4 ला 1331 पिना प्रोसेसरलाच असतात, त्यातली कोपऱ्यातली एक वाकली. हे माझ्या हातून झालं, त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. पण मग नवीन 5600 बसवला, पेस्ट लावली, सगळं जोडलं, बटण दाबलं, फॅन फिरतायत आणि स्क्रीन काळी. अर्धा तास रॅम काढ घाल करत बसलो. मग भावाने फोनवर बोर्डाच्या कंपनीची सपोर्ट लिस्ट उघडली तर 5600 समोर सरळ लिहिलंय की अमुक बायोस पाहिजे, आणि माझ्याएवढ्या जुन्या बायोसवरून थेट त्यावर जाता येत नाही, आधी मधलं एक व्हर्जन टाकायचं आणि मग शेवटचं.

बायोस टाकायचा तर जुना प्रोसेसर परत लावावा लागतो. तुम्ही प्लग अँड प्ले न म्हणता आधी बायोस अपडेट करा एवढं एक वाक्य लिहिलं असतं, तर जुना प्रोसेसर जागेवर असतानाच काम झालं असतं आणि वाकलेल्या पिनेचा प्रश्नच आला नसता. रात्री अकरा वाजता, लेड काढलेल्या पेन्सिलीच्या टोकात ती एक पिन घालून, टॉर्च भावाच्या हातात, श्वास रोखून सरळ केली. माझा हात कापत होता. केसाएवढी पिन, तुटली असती तर ना जुना प्रोसेसर चालणार ना नवीन.

आणि बायोस चालू असताना लाईट गेली तर बोर्डच मरतो. ऑगस्टचा पाऊस, साखळीत त्या आठवड्यात रोज दोन-तीनदा लाईट जात होती, माझ्या यूपीएसची बॅटरी गेलेली. शेवटी दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांच्या इन्व्हर्टरवरून खिडकीतून एक्स्टेन्शन ओढून घेतलं, पेन ड्राईव्ह फॉरमॅट करून पहिलं व्हर्जन टाकलं, मग दुसरं. दुसरं साधारण अर्ध्यावर असताना खरंच लाईट गेली, सगळ्या वाड्यात अंधार, फक्त आमची ती स्क्रीन चालू. काकांचा इन्व्हर्टर नसता तर आज मी तुम्हाला बोर्डाबद्दलपण लिहीत असतो.

5600 मात्र आता उत्तम चालतोय, तेवढं मान्य करतो. विंडोज 11 पण टाकून झालंय. प्रोसेसर मला परत करायचा नाही.

कार्ड लावल्यावर ते 8 जीबीचंच निघालं. टास्क मॅनेजरमध्ये 8, कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडमध्ये 8 आणि बस, म्हणजे मेमरीपर्यंतचा रस्ता, 128 बिट. तुमच्या सपोर्टने यावर जे उत्तर दिलं ते वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. ते म्हणाले सर 3060 म्हणजे 3060, कोअर (कार्डातले हिशेब करणारे भाग) दोन्हीत सेम आहेत, फक्त मेमरी थोडी कमी. कोअर सेम आहेत हे खरं, दोन्हीत 3584. पण 12 जीबीच्या कार्डावर दोन-दोन जीबीच्या सहा चिप असतात आणि बस 192 बिट, 8 जीबीवर चारच चिप आणि बस 128 बिट. म्हणजे सेकंदाला 360 जीबी जायचे तिथे 240 च जातात, मेमरीपण कमी आणि तिच्यापर्यंतचा रस्तापण अरुंद. पणजीला मांडवीवर तीन पूल आहेत, त्यातला एक बंद करा आणि सकाळी नऊला पर्वरीहून पणजीत शिरायला बघा, गाड्या तेवढ्याच, इंजिनं तीच, तरी काय होतं ते कळेल. नाव एकच ठेवून दोन वेगळी कार्डं बाजारात आली हा दोष तुमचा नाही, पण विकणाऱ्याला हा फरक माहीत असायलाच हवा, आणि तुमच्याच साईटवर त्या दिवशी 8 जीबीचं कार्ड 21,900 ला होतं आणि माझ्या बिलावर 25,800 लावलेत. फरक नाही म्हणता तर हे 3,900 रुपये कसले?

चेक करा म्हणालात म्हणून भावाने त्याचा सीन एकदा लावून बघितला. चौथ्या फ्रेमला जीपीयूची मेमरी संपली असं लिहून थांबलं. त्याने टेक्श्चर लहान केले, झाडं कमी केली, परत तेच. मग मी 21 ऑगस्टला तक्रार नोंदवली, 24 ला कार्ड काढून बॉक्समध्ये पॅक केलं आणि 1060 परत लावलं. 5600 मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं त्यामुळे कुठलं तरी कार्ड लागतंच. चवथ (गणेश चतुर्थी) 27 ला होती. पोराने तीन रात्री प्रोसेसरवर रेंडर लावून ठेवलं, मी नाईट शिफ्टवरून सकाळी यायचो तेव्हा तो खुर्चीतच झोपलेला असायचा आणि स्क्रीनवर फ्रेम नंबर हळूहळू सरकत असायचा. चार मिनिटांचं अ‍ॅनिमेशन करायचं होतं, दीड मिनिटाचं झालं, तेच मंडळाने अकरा दिवस फिरवून फिरवून लावलं. लोकांनी कौतुक केलं. पण त्याला माहितीये काय राहिलं, आणि दर संध्याकाळी आरतीला तो स्क्रीनकडे पाठ करून उभा राहायचा, हे मी बघितलंय. त्याचं पहिलं काम होतं ते.

तुमच्याकडून आत्तापर्यंत आलेली उत्तरं अशी. पहिल्यांदा, उघडलेला माल परत होत नाही. मी चॅट दाखवलं की उघडायला तुम्हीच सांगितलं, तर म्हणे तो एक्झिक्युटिव्ह आता आमच्याकडे नाही. माणूस गेला म्हणून त्याने कंपनीच्या नावाने दिलेला शब्द जातो का? मग अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला, दिला, तर सिरीयल नंबर स्पष्ट दिसत नाही म्हणे, म्हणून नंबरचा वेगळा फोटो दिला. मग सांगितलं की तुमच्या पिनकोडला रिव्हर्स पिकअप नाही, स्वतःच्या खर्चाने बेंगळुरूला पाठवा, वाटेत काही झालं तर जबाबदारी तुमची. पाठवताना माझा पिनकोड चालला, परत न्यायला चालत नाही. आणि मधल्या काळात ते प्रॉडक्ट पेज गुपचूप बदललंय, आता तिथे मेमरीचा रकाना आलाय. मी 9 तारखेला काढलेला पेजचा स्क्रीनशॉट जोडलाय, बघून घ्या.

ऑनलाईन विक्रीसाठी 2020 चे जे ई-कॉमर्स नियम आहेत त्यात तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. माझी 21 ऑगस्टची तक्रार, महिना उलटून गेला. आणि जाहिरातीत सांगितलं तसा माल नसेल तर परत घ्यायला नकार देता येत नाही हेही त्याच नियमांत आहे, त्यामुळे उघडलेला माल वगैरे इथे लागूच होत नाही.

मला काय हवंय ते स्पष्ट सांगतो. आरटीएक्स 3060 12 जीबी पाठवा आणि हे कार्ड तुमच्या खर्चाने उचला. स्टॉक नसेल तर कार्डाचे पूर्ण 25,800 परत करा, कूपन किंवा वॉलेट नको, ज्या खात्यातून गेले त्यात. 3,900 देऊन मिटवू असं एकाने फोनवर सुचवलं, ते मला मान्य नाही कारण 8 जीबीचं कार्ड मला कुठल्याच किमतीला नको होतं. शिवाय 5600 च्या पेजवर जुन्या बोर्डांना आधी बायोस अपडेट लागतो अशी एक ओळ टाका. याने माझा काही फायदा नाही, पण माझ्यासारखे जुन्या बी350 वाले अजून खूप आहेत आणि सगळ्यांच्या शेजारी इन्व्हर्टर नसतो.

10 ऑक्टोबरपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 वर नोंद करून मी उत्तर गोव्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तक्रार मी राहतो तिथेच करता येते आणि एवढ्या रकमेला फी पण नाही, त्यामुळे बेंगळुरूला यावं लागेल म्हणून मी सोडून देईन असं समजू नका. पण मला खरंच तिथपर्यंत जायचं नाहीये.

कार्ड मूळ बॉक्समध्ये, अँटी-स्टॅटिक पिशवीत घालून, ओल लागू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या टाकून कपाटात वर ठेवलंय. पिकअपवाल्याला आधी फोन करून पाठवा, या आठवड्यात माझी नाईट आहे त्यामुळे दुपारी तीननंतर कधीही चालेल, आणि मी नसलो तरी आई घरी असते, तिला सांगून ठेवलंय की पावती घेतल्याशिवाय बॉक्स द्यायचा नाही.

तुमचा ग्राहक,
साखळी, गोवा