हेलियम, विजयदुर्ग आणि दोन ग्रहणांची सरमिसळ

संपादक महोदय,

१८ ऑगस्ट जवळ आला की ‘हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला’ हा संदेश फिरू लागतो. शाळांच्या प्रश्नमंजूषेत तर हेच उत्तर बरोबर धरतात. त्यात तीस वर्षांच्या अंतराने झालेली दोन ग्रहणे एकत्र कालवली गेली आहेत.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी हेलियमच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्ये होते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला. भर पावसाळ्यात दुर्बिणी घेऊन कोकण किनाऱ्यावर कोण बसणार? घाटापलीकडे जमखंडीलासुद्धा ढगांनी त्रास दिलाच. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात (प्रकाश फाकवून मिळणाऱ्या रंगांच्या पट्ट्यात) एक पिवळी रेषा दिसली, ती बहुतेकांनी सोडियमची समजली. ग्रहण नसतानाही त्या ज्वाळा पाहता येतात, हे जान्सेन यांनी दुसऱ्याच दिवशी दाखवले. लॉकियर यांनी तेच स्वतंत्रपणे २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून साधले. युक्ती अशी: सूर्यप्रतिमेची कड वर्णपटदर्शकाच्या फटीवर आणायची आणि प्रकाश जास्तीत जास्त फाकवायचा. आकाशाचा उजेड सगळ्या रंगांत पसरून फिका पडतो, ज्वाळेच्या ठळक रेषा मात्र तशाच राहतात.

सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात, ही नवी रेषा ५८७.६ च्या आसपास. शिवाय नेहमीच्या सूर्यप्रकाशात सोडियमच्या जागी काळ्या रेषा दिसतात, या जागी काहीच दिसत नाही. म्हणून लॉकियर यांनी हे नवे मूलद्रव्य ठरवले, तेच हेलियम. ते पृथ्वीवर हाती लागले १८९५ मध्ये, ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांनी क्लेव्हाइट या खनिजावर आम्लाची प्रक्रिया केली तेव्हा.

लॉकियर विजयदुर्गला आले ते त्यानंतर, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेचे खलाशी मदतीला होते आणि किल्ल्यातच तळ पडला होता. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची, पण आकाश स्वच्छ. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ (या मोहिमेची आठवण सांगणारे चौथरे) दाखवताना सांगायला हवी ती ही मोहीम. ती मुळीच किरकोळ नाही. याच ग्रहणासाठी पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ नायगमवाला यांनी आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेनेही सोलापूरकडच्या जेऊरला ठाण मांडले होते.

प्रश्नमंजूषेऐवजी मुलांना एक प्रयोग देता येईल. बुटांच्या खोक्याच्या एका टोकाला दाढीच्या दोन ब्लेडची पाती समोरासमोर चिकटवा. चिकटवताना मध्ये साध्या कागदाची घडी न घालता एकच पदर ठेवा आणि मग तो ओढून काढा, म्हणजे फट बरोबर बारीक राहते. दुसऱ्या टोकाला सीडीचा तुकडा तिरका लावा, पण त्यावरच्या बारीक खाचा फटीला समांतर ठेवा आणि वरून पाहायला भोक पाडा. खोक्याचे कोपरे काळ्या कागदाने बंद करा, नाहीतर बाहेरचा उजेड सगळे बिघडवतो. गॅसच्या निळ्या ज्योतीत मिठाच्या पाण्यात बुडवलेली तार धरली की झगझगीत पिवळी रेषा दिसेल. सोडियमच्या दोन रेषा इथे एकच भासतात. फट रुंद राहिली तर तीही पसरट होते. मग खोके उजळ आकाशाकडे वळवा (सूर्याकडे कधीही नाही). त्याच जागी बारीक काळी रेघ दिसते का ते शोधा. तिच्या शेजारी हेलियमची रेघ दिसणार नाही, कारण ती नेहमीच्या प्रकाशात नसतेच.

हा प्रयोग १८ ऑगस्टला वर्गात होईल, पण आकाश पाहायचा भाग पावसात फसेल. विजयदुर्गावरचा कार्यक्रम २२ जानेवारीला ठेवला, तर तारीख किल्ल्याशी जुळेल आणि ओट्यांवर बसून आकाशही पाहता येईल.

आपला,
एक वाचक, देवगड (जि. सिंधुदुर्ग)