दुसऱ्या पडद्याविषयी मुलीस पत्र

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात तुला तुझ्या प्रकल्पाचे सादरीकरण सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर करायचे आहे, आणि लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला की बाकीचे आपोआप होईल ना, असे तू विचारले आहेस. चित्र बहुधा आपोआप दिसेल. पण श्रोत्यांना काय दिसावे आणि तुला एकटीला काय दिसावे, हे संगणक ठरवू शकत नाही, ते तुलाच ठरवावे लागेल.

विंडोजमध्ये त्यासाठी विंडोज कळ आणि पी एकत्र दाबायची, ही सोय विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून आहे. चार पर्याय समोर येतात: फक्त लॅपटॉपचा पडदा, दोन्हींवर तेच चित्र (डुप्लिकेट), दोन्ही मिळून एक लांबट पडदा (एक्स्टेंड), किंवा फक्त दुसरा पडदा. बाणाच्या कळांनी हवा तो पर्याय निवडून एंटर दाबावे. मॅकच्या लॅपटॉपवर कमांड आणि पडद्याचा प्रकाश कमी करणारी कळ एकत्र दाबली की मिररिंग, म्हणजे दोन्ही पडद्यांवर तेच चित्र, सुरू किंवा बंद होते.

बहुतेक जण विचार न करता मिररिंग, म्हणजे डुप्लिकेट, निवडतात. स्लाइड्स दाखवायच्या असतील तर मला ते पटत नाही. एक्स्टेंड निवडलेस तर पॉवरपॉइंटच्या प्रेझेंटर व्ह्यूमध्ये तुझी टिपणे, पुढची स्लाइड आणि घड्याळ फक्त तुझ्यासमोर राहते आणि श्रोत्यांना केवळ स्लाइड दिसते. एखादी विंडो चुकीच्या पडद्यावर उघडली तर माउसने ओढत बसू नकोस. विंडोज आणि शिफ्ट धरून डावा किंवा उजवा बाण दाबलास की ती दुसऱ्या पडद्यावर जाते. शिवाय डुप्लिकेटमध्ये दोन्ही पडद्यांना जमेल असे एकच रेझोल्यूशन वापरावे लागते, त्यामुळे प्रोजेक्टर जुना, चारास तीन प्रमाणाचा असला तर तुझ्या लॅपटॉपवरची अक्षरेही धूसर होतात.

मात्र तू लिहिलेला प्रोग्राम प्रत्यक्ष चालवून दाखवताना डुप्लिकेटच घे. एक्स्टेंडमध्ये प्रोग्राम मोठ्या पडद्यावर आणि तुझे हात लॅपटॉपवर अशी फाटाफूट होते, आणि मान मागे वळवून माउसचा बाण शोधण्यात निम्मा वेळ जातो. डुप्लिकेटमध्ये तुला दिसते ते सर्व श्रोत्यांनाही दिसते, म्हणून आधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ सुरू करून ठेव. मैत्रिणींचे संदेश परीक्षकांनी वाचण्याचे काही कारण नाही.

येथे शॉर्टकटची एक अडचणही लक्षात ठेव. कॉपी-पेस्टच्या कळा तुझ्या बोटांत इतक्या मुरल्या आहेत की तू त्या दाबतेस हे तुलाही जाणवत नाही. (झेड, एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या कळांना अनुक्रमे अनडू, कट, कॉपी आणि पेस्ट ही कामे १९८३ च्या ॲपल लिसा संगणकातही होती, डाव्या हाताने त्या दाबताना उजवा हात माउसवर राहू शकतो, ही त्यांची मोठी सोय.) पण पाहणाऱ्याला तुझी बोटे दिसत नाहीत, मजकूर अचानक बदललेला मात्र दिसतो. म्हणून प्रात्यक्षिकात शॉर्टकट वापरलास तर कोणती कळ दाबत आहेस ते तोंडाने सांग, किंवा तेवढ्यापुरते मेनूतून सावकाश जा. स्लाइड्सच्या वेळी याच्या उलट करावे, कारण तुझे मेनूतले भटकणे पाहायला कोणी आलेले नसते. स्लाइड शो चालू असताना बी दाबल्यास पडदा काळा होतो आणि सर्वांचे लक्ष तुझ्याकडे येते. प्रश्नोत्तरांत सतरावी स्लाइड हवी असेल तर १७ टाइप करून एंटर दाब. श्रोत्यांसमोर एकेक स्लाइड मागे नेण्याची वेळ येणार नाही.

केबलविषयी थोडेसेच. एचडीएमआयमधून आवाजही जातो, जुन्या व्हीजीएमधून फक्त चित्र जाते. तुझ्या सादरीकरणात व्हिडिओ असल्यामुळे सभागृहात कोणती केबल आहे ते आधी विचार. लॅपटॉपच्या प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र जातेच असे नाही, तेव्हा तोच पोर्ट वापरून एकदा तपासून घे.

सादरीकरण संपल्यावर केबल लगेच काढायची नसेल, तर विंडोज आणि पी दाबून पहिला पर्याय निवड, आणि मगच तुझी मेल उघड.

तुझा,
बाबा