लाकडाच्या बदल्यात छाटणी नको

पावसाळ्यापूर्वी सोसायट्यांनी आवारातील झाडे छाटून घ्यावीत, हे आवाहन आपल्या अंकात वाचले. आवाहन रास्त आहे, पण मोबदल्याची रीत बदलल्याशिवाय त्यातून झाडाचे भले होणार नाही.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कारागिराला अनेकदा उक्ते काम दिले जाते आणि ‘लाकूड तुम्हीच न्या’ म्हणत ठरलेल्या मजुरीतूनही पैसे कापले जातात. मग वाळक्या काटक्या कोण काढत बसणार? करवत जाड, हिरव्या फांदीवरच चालते.

नीट छाटणीला वेळ लागतो. जड फांदी तीन कापांत उतरवावी लागते. खोडापासून फूटभरावर खालून एक तृतीयांश जाडीपर्यंत पहिला काप, त्याच्या दोन-तीन इंच पुढे वरून दुसरा, आणि उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का न लावता तिसऱ्या कापात. खालचा काप टाळला, की फांदी वजनाने मोडताना खोडाची साल सोलून नेते. शेंडाच उडवला, तर वरवर चिकटलेले धुमारे फुटतात. गुलमोहरासारख्या ठिसूळ झाडाचे हेच धुमारे पुढे वाऱ्यात गाड्यांवर कोसळतात. कापावर डांबर फासणेही निरुपयोगीच.

नागरी भागांसाठीच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याखालील परवानगी घेतानाच काढायच्या फांद्यांवर खुणा कराव्यात. मजुरी, खाली दोर सांभाळणाऱ्या मदतनीसासह, दिवसावर ठरवावी आणि लाकडाचा हिशेब वेगळा ठेवावा.

– एक वाचक, ठाणे