निरीक्षण वहीत न मावलेला तास

महोदय,

शाळेत पाहुणे येऊन गेले की शाल-श्रीफळाचा फोटो छापून येतो आणि खाली ‘विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले’ एवढीच ओळ. वर्गात काय घडलं, हे कुणी विचारत नाही. मी सांगलीत बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. या दोन वर्षांत 20 आठवडे आम्हाला शाळेत काढावे लागतात. त्यातल्या एका तासाबद्दल लिहिते.

सातवीच्या वर्गात एका मुलीचे आजोबा आले होते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद भरण्या-काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे मुलांना पाठ आहे. पेव मात्र एकानेही पाहिलेलं नव्हतं. 2005 च्या महापुरात त्यातली बरीच पेवं निकामी झाली.

आजोबांनी पिशवीतून कंदील काढला, दोरीला बांधला आणि टेबलाच्या कडेवरून सावकाश फरशीकडे सोडला. “पेवाचं तोंड एवढंसं, माणूस कसाबसा मावतुया. आत पोट मोठ्ठं. उघडलं की लगीच उतरायचं न्हाई. आदी ह्यो सोडायचा. इझला तर?”

आणि गप्प बसले. प्रश्न विचारल्यावर थांबायचं असतं, हे आम्हाला सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे छोट्या सराव पाठांत, शिकवलंय. माझं थांबणं दोन सेकंदांचं. पाठ वेळेत संपवायच्या घाईत उत्तरही मीच देऊन टाकते. आजोबा थांबले ते थांबलेच. वर्गात कुजबुज झाली, मग मागून एक मुलगा म्हणाला, “खाली ऑक्सिजन नसेल.” लगेच पुढची मुलगी, “म्हणूनच हळदीला कीड लागत नसेल!” मागच्याच आठवड्यात मी हवेतल्या वायूंवर रंगीत तक्ता लावून पाठ घेतला होता. तेव्हा यातलं कुणी तोंड उघडलं नव्हतं.

सगळा तास असाच रंगला असं नाही. वीसेक मिनिटांनी आजोबा मजुरीच्या हिशोबात आणि जुन्या भांडणांत शिरले. शेवटच्या बाकावर पेनांची लढाई सुरू झाली. वर्ग माझ्या हाती असता तर मी मुलांवर डोळे वटारले असते. वर्गशिक्षिका बाईंनी फक्त विचारलं, “आजोबा, पहिल्यांदा आत उतरताना भीती वाटली होती का?” आजोबा म्हणाले, “वाटली की. शेवटपातुर वाटायची.” पेनं खाली ठेवली गेली. पाहुण्याचा अपमान न करता गाडी रुळावर आणायची ही हातोटी मला कुठल्याच पुस्तकात भेटली नव्हती.

संध्याकाळी पाठ निरीक्षणाची वही उघडली. त्यात रकाने ठरलेले: प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, समारोप. आजोबा सगळ्या रकान्यांत नापास! पुढच्या आठवड्यात एक साहेब येऊन गेले. त्यांच्याकडे चाळीस स्लाइड होत्या आणि ते सगळ्या रकान्यांत पास झाले असते. मुलं मात्र घंटेकडे कान लावून बसली होती. (आभारप्रदर्शन तर भाषणाहून लांबलं.)

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत काढायची कल्पना आहे. म्हणजे असे पाहुणे आता वाढतील. आमच्याकडे अतिथी आले की छात्राध्यापकांना खुर्च्या लावायला आणि फोटो काढायला धाडतात. त्याऐवजी आम्हाला मागच्या बाकावर बसवा. मुलं कुठल्या वाक्याला पुढे झुकली, कुठे पेंगली, बाईंनी कधी तोंड घातलं आणि कधी मुद्दाम घातलं नाही, हे आमच्याकडून टिपून घ्या आणि ते टिपण पाठ निरीक्षणात धरा, एवढीच अध्यापक महाविद्यालयांना विनंती.

आणखी एक. आजोबा हरिपुराहून पदरच्या पैशाने रिक्षा करून आले होते. त्यांना शाल मिळाली, ती एप्रिल महिन्यात. पुढच्या वेळी शाल राहू दे, रिक्षाचं भाडं द्या.

– एक छात्राध्यापिका, सांगली