ब्रेमेनहून पत्र : 1974 सालची गाडी

ब्रेमेन, रविवार

ती. बाबा आणि प्रिय आई,

सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलंत, "सुट्टीच्या दिवशी कम्प्युटरपुढे बसून गाड्या तपासतेस म्हणजे काय करतेस? आणि गाड्या तर खऱ्या नाहीतच म्हणतेस." मागून आईचा आवाज आला, "त्यापेक्षा झोप काढ म्हणावं." फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. आईने मधला भाग गाळून वाचला तरी चालेल.

'ऑटोमेशन' नावाचा एक खेळ आहे. त्यात गाडी चालवायची नसते, बनवायची असते. इंजिनाचा बोअर-स्ट्रोक (सिलिंडरची रुंदी आणि पिस्टनची धाव) किती, ब्लॉक बिडाचा की अ‍ॅल्युमिनियमचा, झडपा उघडणारा कॅम खाली की डोक्यावर, कार्बोरेटर एक की दोन, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) की कॉइल स्प्रिंग, ब्रेक ड्रमचे की डिस्कचे, सगळं आपण ठरवायचं. साल निवडलं की त्या काळात जे तंत्र होतं तेवढंच हाताशी मिळतं. शेवटी खेळ आकडे काढून देतो: किंमत, पेट्रोल, आराम, सुरक्षितता, भरवसा, देखभालीचा खर्च. हे खेळणारे आपसात स्पर्धा लावतात. एक जण गिऱ्हाईक होतो, आपली गरज लिहून देतो, बाकीचे त्याच्यासाठी गाडी बनवून फाईल पाठवतात. या फेरीला गिऱ्हाईक मी होते आणि परीक्षकही मीच.

मी मागितली कुटुंबाची गाडी. साल 1974, गाव हेच, ब्रेमेन. घरचा कर्ता जहाजांच्या गोदीत वेल्डर, बायको अर्धवेळ नोकरीला, तीन मुलं, अधूनमधून आजी. आजोबा बोर्गवार्डच्या कारखान्यात होते असंही लिहिलं. बोर्गवार्ड ही इथलीच कंपनी. तिची इझाबेला 1954 साली आली तेव्हा मध्यमवर्गाची मानाची गाडी होती. 1961 साली कंपनी बुडाली. त्या जागेवर आता मर्सिडीजचा कारखाना आहे. तर अशा घरात गाडीबद्दल मतं फार असणार, आणि पैसे बेताचे.

साल मुद्दाम ते घेतलं. 1973 च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल आवळलं, आणि पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत बाराच्या घरात गेला. पश्चिम जर्मनीत त्या नोव्हेंबर-डिसेंबरात चार रविवार खाजगी गाड्या रस्त्यावर आणायला बंदी होती. ऑटोबानवर लोक चालत, सायकली दामटत फिरले, त्याचे फोटो इथे अजून छापून येतात. हे पाहून आलेला माणूस गाडी घ्यायला निघाला की पहिला प्रश्न काय विचारेल? तोच, जो आपल्याकडे अख्खी आळी विचारते: अ‍ॅव्हरेज किती देते? फक्त इथे उलटं मोजतात, शंभर किलोमीटरला किती लिटर. नऊ लिटर म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला अकरा.

आणि गंमत बघा, एवढं स्वच्छ लिहूनही एकाने सहा सिलिंडरची गाडी पाठवली! दिसायला देखणी, आरामाचे आकडे सगळ्यांत वर. पण कॉम्प्रेशन इतकं चढवलेलं की साध्या पेट्रोलवर इंजिन नॉक करणार, म्हणजे सुपरच, जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल, भरायला हवं. वेल्डरच्या पगारात? पहिल्या चाळणीतच गळली. त्याने मला लांबलचक निरोप लिहिला, की माझ्या गाडीच्या आकड्यांची बेरीज सगळ्यांपेक्षा जास्त येते. येते हो, पण बेरजेला गाडीत बसायचं नाहीये. मला हे आकड्यांचे पैलवान फार भेटतात. खेळात प्रत्येक भागाचा दर्जा उणे 15 पासून अधिक 15 पर्यंत फिरवता येतो. हे लोक किमतीत बसेल तिथवर सगळं फिरवत नेतात आणि मग गाडी कुणासाठी आहे तेच विसरतात.

रेसची गाडी तपासणं सोपं असतं, घड्याळ लावलं की झालं. घरच्या गाडीत परीक्षकाला एकेका जागेवर जाऊन बसावं लागतं. मी तेच केलं. बाहेरून सुरुवात केली. या खेळात दिवे, आरसे, वायपर, पेट्रोलचं झाकण, सगळं बॉडीवर हाताने बसवायचं असतं. एका गाडीचं नाक इतकं सुरेख घडवलेलं की मी फिरवून फिरवून पाहत राहिले, आणि मागच्या दाराशी आले तर हँडलच नाही. आजीला आत कुठून घ्यायचं? दुसरीच्या डिक्कीचं तोंड बंपरच्या खूप वर. बॅग छातीपर्यंत उचलल्याशिवाय आत जायची नाही. हे दोष कुठल्याच आकड्यात येत नाहीत.

मग मागची सीट. बाबा, आपल्या पद्मिनीत पुढे लांब सीट, गिअर स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पुढेही तिघं मावायचे. पण मागे मधोमध बसणाऱ्याचे पाय त्या, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या उंचवट्यावर, गुडघे हनुवटीला. आणि तिथे कायम कोण असायचं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांकडे माझं झुकतं माप होतं, हे निकालात लिहूनच टाकलं. त्या काळात ही मांडणी नुकती रुळत होती. 1959 च्या मिनीत इंजिन आडवं आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली, दोघांना तेल एकच. 1969 च्या फियाट 128 ने गिअरबॉक्स इंजिनाच्या बाजूला, एका रांगेत नेला आणि दोन्ही चाकांचे शाफ्ट लांबीला असमान ठेवले. पुढे बहुतेक छोट्या गाड्यांनी हाच रस्ता धरला. मागे शाफ्टच जात नाही, म्हणून तळ सपाट ठेवता येतो.

शेवटी तीन उरल्या आणि त्या मी चालवून पाहिल्या. ऑटोमेशनमधली गाडी 'बीमएनजी ड्राइव्ह' नावाच्या दुसऱ्या खेळात नेता येते. त्यात गाडी आदळली की पत्रा खरोखरच्यासारखा चेमटतो. हे बनवणारी कंपनी आमच्या ब्रेमेनमधलीच. एक गाडी मागे पाट्यांची, साधी, दणकट. तुम्हाला हीच आवडली असती. पण मागच्या ब्रेकला जोर जास्त ठेवलेला, त्यामुळे ओल्या वळणावर ब्रेक मारला की शेपूट पुढे यायची. तीन पोरं मागे बसलेली असताना हे मला चालणार नाही. दुसरी गुळगुळीत चालली, पण देखभालीचा खर्च घराला झेपणारा नव्हता.

जिंकली ती अगदी बेतशीर गाडी. तेराशे सीसीचं आडवं इंजिन, चार गिअर, पुढे डिस्क, मागे ड्रम, स्टेशन वॅगनची बॉडी, मागचं दार थेट बंपरपासून वर उघडणारं. रेडिओ अगदी हलका घातला आणि ते पैसे सुरक्षिततेला लावले. 1 जानेवारी 1974 पासून इथे नव्या गाड्यांना पुढच्या सीटवर सीटबेल्टचे पट्टे बसवणं सक्तीचं झालं होतं (लावण्याची सक्ती 1976 ला आली, आणि न लावल्याबद्दल दंड 1984 ला, म्हणजे जर्मन माणूसही सांगून ऐकत नाही). या पठ्ठ्याने मागेही पट्टे आहेत असं गाडीबरोबर पाठवलेल्या जाहिरातीत लिहिलं होतं. रंग मात्र शेवाळी हिरवा, बघवत नव्हता. त्याचा एक गुण कापला.

पहाटेपर्यंत निकाल लिहीत होते, हे आईला सांगू नका. प्रत्येकाला आपली गाडी का पडली हे कळायला हवं ना. हँडल विसरलेल्याने तर लगेच हँडल लावून फोटो पाठवला.

पुढची फेरी जिंकलेला लावणार. त्याला हवी आहे 1950 च्या दशकातली खेड्यापाड्यांत माल नेणारी छोटी पिकअप, कच्च्या रस्त्यांसाठी. या वेळी मीही गाडी पाठवणार आहे. म्हणून बाबा, तुमच्याकडे काम आहे. मागे पाटे ठेवायचे हे ठरलं. पण रिकामी असताना उडू नये आणि भरल्यावर बसू नये, यासाठी तुम्ही लोक काय करायचात? जास्तीचे पाटे वेगळे खाली ठेवायचे, की जाडी बदलायची? आकृती काढून फोटो पाठवा, दादाला सांगितलं तर तो पाठवेल.

आई, लोणचं पोचलं, बरणी फुटलेली नाही. थंडी आहे पण टोपी घालते.

तुमची,
धाकटी