‘जीव वाचला ना?’ हे उत्तर नव्हे

मा. संपादक,
स. न.

कॅन्सरनंतर बुद्धीवर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संशोधिकेवरचा आपल्या पुरवणीतला लेख काल वाचला. दोनदा वाचला, कारण एका वाचनात सगळं धरून ठेवणं मला आता जमत नाही. हा विषय घेतलात याबद्दल मनापासून आभार. पण ‘थोडा विसराळूपणा आला तरी शेवटी जीव वाचणं महत्त्वाचं’ या वाक्यावर लेख संपवलात आणि माझी झोप उडाली.

मी मुद्रितशोधक आहे. २१ वर्षं दुसऱ्यांच्या ओळींतल्या चुका शोधत आले. मग ब्रेस्ट कॅन्सर, सहा केमो, रेडिएशन आणि त्यानंतर हॉर्मोनचा परिणाम रोखणाऱ्या टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या. केस परत आले, मीही कामावर परत गेले. चौथ्या आठवड्यात एका जाड पुस्तकाचं प्रूफ आलं. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवातीचा कर्ता हातातून निसटायचा, क्रियापद कशाशी जुळवायचं ते कळेना. आधी पट्टी ठेवून वाचलं, मग बोट ठेवून. शेजारी कोणी फोनवर बोललं की पुन्हा पहिल्या शब्दापासून. पुस्तक छापून आलं तेव्हा एकाच प्रकरणात एकाच माणसाचं आडनाव दोन तऱ्हेनं होतं. अंतिम प्रुफावर सही माझी होती.

याला विसराळूपणा म्हणू नका. मला शब्द आठवतो, पण समोरचा पुढच्या विषयावर गेल्यानंतर.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी स्मरणशक्ती आणि लक्ष तपासणारी चाचणी करायला पाठवलं. शांत खोली, समोर एकच माणूस, एका वेळी एकच प्रश्न. रिपोर्ट नॉर्मल आला. ‘वय आहे, पाळी गेलीय, टेन्शन असतं. जीव वाचला ना?’ असं डॉक्टर म्हणाले आणि मी ‘हो’ म्हणून उठले. त्या ‘हो’चा मला आजही राग येतो. नॉर्मल म्हणजे कोणाच्या मानानं? माझ्या वयाच्या सरासरी बाईच्या मानानं. पण जिची भाकरीच नजरेच्या तीक्ष्णपणावर आहे ती घसरत सरासरीवर आली, तर तिचं काही गेलं नाही असं कसं म्हणायचं? केमो सुरू होण्याआधी एकदा हीच चाचणी घेतली असती, तर ताडून बघायला काही तरी हाती असतं. तुमच्या लेखात नेमकं हेच हवं होतं, आणि याबद्दल एक ओळ नाही.

आम्ही सांगतो ते मोजता येतं, आणि ते मोजलं गेलंय. रोचेस्टर विद्यापीठाच्या मिशेल जॅनेल्सिन्स यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रेस्ट कॅन्सरच्या ५८१ बायका होत्या आणि कॅन्सर नसलेल्या ३६४. या बायकांनी आपल्याला काय जाणवतं ते स्वतः सांगितलं. केमोच्या आधीपेक्षा केमो संपून सहा महिने झाल्यावर आठवण्या-विचार करण्यात ठळक घसरण सांगणाऱ्या रुग्ण ३६.५ टक्के निघाल्या. तेवढ्याच काळात दुसऱ्या गटात १३.६ टक्के. इतक्या साऱ्या जणींना एकदम टेन्शन आलं म्हणायचं का?

आणि मथळ्याबद्दल. ‘केमोचा मेंदूवर घाला’ हे शब्द वापरायला नको होते. पुढच्या आठवड्यात जिची पहिली केमो आहे, तिच्या हातात हा अंक पडला असेल तर? दोष एकट्या केमोचा नाही. संशोधक जेफ्री विफेल यांच्या २००४ मधल्या अभ्यासात जवळजवळ एक तृतीयांश बायकांना केमो मिळण्याआधीच चाचण्यांत अडचण दिसली होती. खुद्द आजार, ऑपरेशन, हॉर्मोनच्या गोळ्या, उडालेली झोप, थकवा, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. केमो घ्यायची, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणेन. फक्त त्यानंतर काय होऊ शकतं ते कोणी तरी आधी सांगावं, आणि झालं की खरं मानावं.

फिट्झह्यू मलन नावाच्या डॉक्टरांना स्वतःला कॅन्सर झाला होता. त्यांनी १९८५ मध्येच लिहून ठेवलंय की बुडणाऱ्याला पाण्याबाहेर काढण्याच्या युक्त्या आपण शोधल्या, पण बाहेर काढल्यावर त्याला बंदराच्या धक्क्यावर खोकत, धापा टाकत तसंच सोडून देतो. याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. तुमच्या शेवटच्या वाक्यानं आम्हाला पुन्हा त्याच धक्क्यावर नेऊन बसवलं.

आणखी एक. हा लेख ज्यांच्यासाठी होता, त्यांनाच तो वाचायला सर्वांत अवघड गेला असेल. अर्धा लेख पहिल्या पानावर, ‘उर्वरित पान ६ वर’, मध्ये राखाडी चौकटीत बारीक टाइप. पान उलटेपर्यंत वाक्याचा धागा सुटतो, मग परत मागे. पुढच्या वेळी असा लेख सलग एका पानावर द्या, एवढी विनंती.

संशोधिकेचं आडनाव पहिल्या पानावर एका तऱ्हेनं छापलंय आणि सहाव्या पानावर दुसऱ्या. दुरुस्ती छापावी. मला ते पहिल्या वाचनात दिसलं नाही, दुसऱ्या वाचनात दिसलं. पण दिसलं.

आपली,
एक वाचक
(कामाच्या ठिकाणी अडचण नको म्हणून नाव छापू नये.)