‘आधी आई दाखवा’ : डॉक्टरकाकांना जाहीर आभार पत्र

स्नेहलतागंज, इंदूर

आदरणीय डॉक्टरकाका,
सा. न. वि. वि.

आमचा चिकू आता आठ महिन्यांचा झाला. हे पत्र खरे तर तो घरी आला त्याच आठवड्यात लिहायचे होते; परंतु चपट्या तोंडाच्या फ्रेंच बुलडॉग कुत्र्याने इंदूरचा एक उन्हाळा सुखरूप काढल्याखेरीज आभार मानणे मला अपुरे वाटत होते. मे महिन्यातल्या रखरखीत दुपारीही तो आतल्या खोलीत शांत झोपत असे, घशातून घरघर येत नसे, आणि दर वेळी मला तुमची आठवण होत असे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही एका विक्रेत्याकडे निळसर रंगाच्या पिल्लासाठी विसार देऊन मग तुमच्याकडे आलो होतो. झोपेत ते किती गोड घोरते, म्हणून लेकीने तुम्हाला व्हिडिओ दाखवला. तुम्ही तो डोळे मिटून दोनदा ऐकलात आणि म्हणालात, “बाळ, हे घोरणे नाही, श्वासासाठीची धडपड आहे.” तोंडाचे हाड आखूड झाले तरी आतले मांस त्या प्रमाणात कमी होत नाही, त्यामुळे मऊ टाळू श्वासनलिकेच्या तोंडाशी लोंबते, त्यात नाकपुड्या चिरेएवढ्या अरुंद असल्या, तर धापा टाकूनच अंग थंड करणाऱ्या या जनावराला उन्हाळा जिवावर बेतू शकतो, हे तुम्ही कागदावर आकृती काढून समजावलेत. ज्या ‘दुर्मीळ’ रंगासाठी आम्ही जास्त पैसे मोजणार होतो, तो या जातीच्या मान्य रंगांत बसत नाही आणि अशा कुत्र्यांचे केस गळण्याचा विकार संभवतो, हेही तेव्हाच कळले. पिल्लू अवघे ४० दिवसांचे होते. कुत्र्यांच्या पैदाशी-विक्रीसाठीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकताच येत नाही. “आधी आई दाखवा म्हणावे,” एवढेच तुम्ही सुचवलेत. विक्रेत्याने आई दाखवली नाही. विसार बुडाला, त्याचे आता काहीच वाटत नाही. त्या पिल्लाचे पुढे काय झाले असेल, हे मात्र अजून मनात येते.

त्यानंतर सात महिने आमच्यासाठी तुम्ही रविवारची सकाळ मोकळी ठेवलीत. श्वासाचा त्रास पुष्कळदा पिल्लू मोठे होताना उघड होतो, म्हणून पिल्लाकडे नव्हे, आई-वडिलांकडे पाहायचे, हे सूत्र धरून तुम्ही विचारायचे प्रश्न स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेत: राज्य पशुकल्याण मंडळाची नोंदणी आहे का, पहिल्यांदा गाभण राहिली तेव्हा मादी १८ महिन्यांची झाली होती का, वर्षातून एकाहून अधिक वेत घेतात का, पाठीच्या मणक्यांचा एक्स-रे काढला आहे का. दोन ठिकाणी उत्तरे टाळली गेली. पिल्लांची पैदास करणाऱ्या पुण्याच्या बाईंनी मात्र सगळे कागद समोर ठेवले आणि उलट आम्हालाच विचारले, की दुपारी घरी कोण असते, वीज गेली तर काय सोय आहे. या जातीत बहुधा सिझेरियन करावे लागते, म्हणून हे दुसरे वेत शेवटचे, असे त्यांनी आपणहून सांगितले. चांगला ब्रीडर कसा ओळखावा, हे मला त्या वेळी उमगले.

त्या भेटीच्या वेळी तुम्ही व्हिडिओ कॉलवर होता. मादीला अंगणात तीन मिनिटे दुडक्या चालीने फिरवायला सांगून नंतर फोन तिच्या गळ्याशी धरायला लावलात. पलीकडे तुम्ही किती वेळ काही बोलला नाहीत, आणि आमचा जीव टांगणीला लागला होता. मग तुम्ही म्हणालात, “श्वास स्वच्छ आहे. पिल्लू घ्या.” पुढे नोव्हेंबरच्या थंडीत, रात्रीच्या प्रवासाने आम्ही त्याला आणले, तेही तुमच्याच सांगण्यावरून.

लसी वेळेवर झाल्या आहेत. गळ्यात पट्टा नाही, छातीभोवतीचा हार्नेसच आहे. चेहऱ्याच्या घड्या लेक रोज पुसून कोरड्या करते. वजन ९ किलो ८०० ग्रॅम आहे, आणि ते वाढू नये म्हणून पोळीचा तुकडाही कोणी देत नाही. आजी चोरून देत असत, त्यांनीही सोडले.

या सगळ्याची फी तुम्ही घेतली नाहीत. येत्या रविवारी, ऊन चढायच्या आत, सातच्या सुमारास आम्ही चिकूला घेऊन येत आहोत. त्याच्या आईचा श्वास तुम्ही फोनवर ऐकला होता. त्याचा तुम्ही स्टेथोस्कोप लावून ऐकावा, अशी फार इच्छा आहे.

तुमची नम्र,
चिकूच्या घरची